गिनिपिगची खाज

"नाना, रेशमा नाचतेय!" म्हणत माझी नात धावत आली. जाऊन पाहिलं, तर रेशमा नाचत नव्हती. मागच्या पायानं मान खाजवता खाजवता ती आडवी पडली होती आणि अंग ताठ होऊन थरथरत होतं. ती आकडी होती. रेशमा म्हणजे आमच्या घरातल्या दोन गिनिपिगपैकी एक. दुसरी चांदणी.

त्याआधीचे तीन आठवडे आम्ही काय करत होतो ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. पाठीवरचे केस विरळ झाले तेव्हा मी म्हणालो, पावसाळी हवा आहे, गळायचेच. खपल्या दिसायला लागल्या तेव्हा कुत्र्यांच्या साबणानं अंघोळ घातली. मग कुणी सुचवलं म्हणून कडुनिंबाचं तेल चोळलं. गिनिपिग म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचे तो प्राणी, हा अर्थ आम्ही घरच्या घरी खरा करून दाखवला.

माणसाला खरूज होते ती एका सूक्ष्म किड्यामुळे. गिनिपिगचाही असाच स्वतंत्र किडा आहे. ट्रिक्साकॅरस केव्हिई हे त्याचं नाव. त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा १९७२ साली झालं. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणते आणि तिथेच अंडी घालते. मान, खांदे, पाठ, मांड्यांच्या आतली बाजू इथले केस जातात, कातडी जाड आणि खपलीदार होते. खाज इतकी भयंकर असते की नुसता हात लावला तरी काही जनावरांना आकडी येते. खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात, आणि जनावर खाणं सोडतं. हे सगळ्यांत वाईट. गिनिपिगच्या पोटात सतत चारा जात राहावा लागतो. दिवसभराचा उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

हा किडा येतो कुठून? बहुधा दुसऱ्या गिनिपिगकडून, पुष्कळदा आईकडूनच पिल्लाला. कधी तो अंगावर महिनोन् महिने गप्प असतो आणि प्रवास, गाभणपण, दुसरं आजारपण असं काही झालं की उसळतो. क जीवनसत्त्वाची उणीव हेही एक कारण. आपल्याप्रमाणेच गिनिपिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच मिळावं लागतं. कोथिंबीर, ढोबळी मिरची, अधूनमधून पेरूची छोटी फोड. आमच्या घरी मात्र गाजर आणि काकडी यांच्यावरच सारी भिस्त होती.

प्रत्येक टक्कल म्हणजे खरूज नव्हे, हेही सांगायला हवं. कानांमागे गिनिपिगला जन्मतःच थोडी केस नसलेली जागा असते. तिला घाबरू नका. उवा असतील तर केस फुंकरीनं बाजूला केल्यावर बारीक पांढुरकं काहीतरी हलताना दिसतं. नाकाडावर, डोळ्यांभोवती गोल चट्टे पडले तर नायट्याचा संशय घ्यावा, आणि हा मुलांनाही लागतो, म्हणून हात धुण्याला पर्याय नाही. वयस्क मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले आणि खाज मुळीच नसेल, तर दोष कातडीचा नसून अंडाशयातल्या गाठींचा असू शकतो. यातलं काय आहे हे पशुवैद्यकानं ठरवायचं. मात्र जाण्याआधी फोन करून विचारा, तुम्ही गिनिपिग तपासता का? कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर तपासतात असं नाही.

डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गंमत अशी, की किडा खोल असल्यानं तो पुष्कळदा सापडतच नाही. म्हणून तपासणीत काही निघालं नाही तरी लक्षणांवरून उपचार सुरू करतात. औषध बहुधा आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून याचा शोध लागला आणि २०१५ साली सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. कोविडच्या काळात हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचलं, आणि भीती नेमकी तीच आहे. कपाटात उरलेली माणसाची गोळी १२ मिलिग्रॅमची असू शकते. किलोभर वजनाच्या गिनिपिगला सामान्यतः लागतं ते अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. गोळीचा तुकडा मोडून हा हिशेब जमत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवरची औषधंही तशीच. ती कैक पटींनी मोठ्या अंगासाठी बनवलेली असतात. घरातलं अमॉक्सिसिलिनही जखमांसाठी पाजू नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली तर गिनिपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि पाठोपाठ प्राणीही.

एका डोसनं काम भागत नाही. औषध किड्याला मारतं, अंड्यांना नाही. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीनदा ते द्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं की उरलेल्या अंड्यांतून पुन्हा तोच संसार उभा राहतो. पिंजऱ्यातलं गवत, भुसा टाकून द्यायचा, कापड गरम पाण्यात धुवायचं, पिंजरा घासायचा. आणि सोबतच्या सगळ्या गिनिपिगना औषध द्यायचं, ते खाजवत नसले तरीही. पाळणाऱ्याच्या हातावर कधी पुरळ उठतं, पण हा किडा माणसावर संसार थाटत नाही. जनावर बरं झालं की तेही जातं. नाहीच गेलं तर आपल्या डॉक्टरांना दाखवावं.

रेशमा चौथ्या दिवशी गेली. पहिलं इंजेक्शन मिळालं होतं, पण तोवर तिनं खाणं सोडलं होतं. "आपण आधी का नाही नेलं?" असं नातीनं विचारलं, एकदाच. मी पावसाळ्याचं कारण पुन्हा सांगितलं नाही.

चांदणीच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं, तरी तिला तिन्ही डोस दिले. वजन उतरणं हे आजाराचं पहिलं लक्षण असतं आणि ते केसांखाली लपतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून दर रविवारी नात तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते आणि आकडा वहीत लिहिते. गेल्या रविवारी ९६० ग्रॅम भरली.