सहा अक्षरांचा करार

सी भाषा शिकू लागलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच: ‘स्ट्रलेन’, ‘स्ट्रकम्प’ अशी स्वर गिळलेली नावं कशासाठी? ठरलेलं उत्तर म्हणजे, टेलिटाइपवर टाइप करायचा कंटाळा. ते अगदीच खोटं नाही. युनिक्सच्या ‘क्रिएट’चा शेवटचा ‘ई’ कारण नसताना गेला, आणि पुन्हा संधी मिळाली तर तेवढा घालीन, असं युनिक्सचे सहनिर्माते केन थॉम्प्सन गमतीनं म्हणाले. पण कंटाळ्यानं सगळं उलगडत नाही. ‘स्ट्रएनकॅट’, ‘स्ट्रएनकम्प’ आणि ‘स्ट्रएनकॉपी’ यांची रोमन स्पेलिंगं सात-सात अक्षरांची; पहिली पाच सारखी, सहाव्या जागी मात्र ए, एम आणि पी. सातवं अक्षर छाटलं तरी तिघांची गल्लत होत नाही. ही आवड नव्हे, अट आहे.

अट सीची नव्हती, लिंकरची होती. वेगवेगळ्या फायलींचे तुकडे जोडणारा हा प्रोग्रॅम बहुधा सीच्या आधीचा, फोरट्रान आणि असेम्ब्लीसाठी लिहिलेला. 36 बिटांच्या यंत्रात सहा बिटांची सहा अक्षरं यंत्राच्या एका ‘शब्दात’, म्हणजे 36 बिटांच्या एका गटात, नेमकी बसत. डेक कंपनीनं 16 बिटांच्या पीडीपी-11 साठी झकास हिशेब केला: चिन्हं फक्त 40 ठेवायची, 40 चा घन 64,000, म्हणजे 65,536 च्या आत, म्हणून एका शब्दात तीन अक्षरं, दोन शब्दांत सहा! या काटकसरीत इंग्रजीच्या लहान लिपीला जागाच उरली नाही.

मग सीसाठी वेगळा लिंकर का नाही लिहिला? लिहिता आला असता, पण फोरट्रानमधली तयार गणिती ग्रंथालयं सी प्रोग्रॅमला जोडणं अवघड झालं असतं. म्हणून सीच्या 1989 च्या अमेरिकी मानकानं जुने लिंकरच गृहीत धरले, पण लांब नावांवर बंदी घातली नाही. फायलीबाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली सहा अक्षरं ओळखली जातील, एवढीच हमी दिली, तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न धरता. फायलीच्या आतल्या नावांना 31 अक्षरं मिळाली. शिवाय सहाची मर्यादा कालबाह्य होणार, हेही त्याच मानकात नोंदवलं. 1999 मध्ये हे आकडे 31 आणि 63 झाले. मानकाचा हा कंजूषपणा अनेकांना खटकला, पण हमी मोठी दिली असती तर ती जुन्या यंत्रांवर पाळता आली नसती. सहाव्या अक्षरापुढेच वेगळी होणारी दोन नावं एका यंत्रावर बिनबोभाट चालायची आणि दुसऱ्यावर एकच ठरायची. पोर्टेबल प्रोग्रॅम लिहायचा तर हिशेब सर्वांत तोकड्या लिंकरचाच धरावा लागतो.