काचेतला तलाव

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. साकोलीहून कोणत्याही दिशेने सायकल काढा, थोड्याच वेळात एखाद्या तलावाची पाळ दिसू लागते. हिवाळ्यात पाणी निवळले, की पाळीवर बसून खाली पाहावे. फितीसारखी लांब पाने, दाट हिरवे झुपके आणि त्यांच्या आडोशाने फिरणारी माशांची पिल्ले, असे एक रानच पाण्याखाली उभे असते. हे रान घरात किंवा वर्गात, काचेच्या टाकीत उभे करता येईल काय? येईल. मात्र ‘मत्स्यालय म्हणजे मासे ठेवायची पेटी’ ही कल्पना आधी सोडावी लागेल. टाकी हा एक लहानसा तलाव आहे आणि तलावाचे नियम तिलाही लागू आहेत.

वॉरिंग्टनची जुळणी

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात त्याने गोल्डफिश ठेवले आणि तळाच्या मातीत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वनस्पती वापरते; वनस्पती जो ऑक्सिजन सोडते, तो मासे घेतात. पण काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. वनस्पती, प्राणी आणि कुजलेले खाणारे जीव, अशी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढला, तर ती उभी राहत नाही. फितीसारख्या पानांची हीच व्हॅलिस्नेरिया आपल्या तलावांतही वाढते.

टाकी आणि तिचा भार

६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच टाकी घेऊ. तीत ३० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले, तर ते ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो होते. तळाची वाळू-माती आणि काच धरून एकूण भार सुमारे ७५ किलोवर जातो. म्हणून डुगडुगणारे टेबल चालणार नाही.

आता पुढच्या काचेवरील बल काढू. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य आणि तळाशी सर्वांत जास्त असतो. सरासरी दाब निम्म्या खोलीवर, म्हणजे ०.१५ मीटरवर मिळतो. तो १००० × ९.८ × ०.१५ = १४७० पास्कल. भिजलेल्या काचेचे क्षेत्रफळ ०.६ × ०.३ = ०.१८ चौरस मीटर. म्हणून बल सुमारे २६५ न्यूटन, म्हणजे २७ किलो वजनाइतके! गंमत अशी, की टाकी पुढून मागे कितीही रुंद केली तरी हे बल तेवढेच राहते. कारण दाब खोलीवर अवलंबून असतो, पाण्याच्या एकूण साठ्यावर नाही.

तळ आणि रोवणी

तळाशी शेणखत न घातलेली, चाळलेली माती अडीच सेंटिमीटर पसरा. तिच्यावर चांगली धुतलेली नदीची वाळू घाला, म्हणजे माती पाण्यात मिसळणार नाही. दगड निवडताना त्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे, तो पाणी जड करील, तो नको.

टाकीची सजावट करताना प्रकाशाचे अपवर्तन विसरू नका. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. त्यामुळे समोरून पाहताना ३० सेंटिमीटर रुंदीची टाकी जेमतेम २२ ते २३ सेंटिमीटर रुंद भासते. हरवलेली खोली परत मिळवायची युक्ती सोपी आहे. तळ पुढे ४ आणि मागे ८ ते ९ सेंटिमीटर ठेवून त्याला चढ द्या. मोठे दगड पुढे आणि लहान मागे ठेवा; लहान वस्तू डोळ्याला दूर वाटते. मुख्य दगड अगदी मध्यभागी न ठेवता लांबीच्या एक-तृतीयांशावर ठेवा. जपानचे छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी डोंगर, कुरण आणि जंगल यांची दृश्ये अशा टाक्यांत उभी करण्याची कला जगभर नेली.

मग पाणी थोडेच भरा आणि धानाची रोवणी करतात तशी एकेक काडी बोटांनी खोचा. मागे व्हॅलिस्नेरिया, बाजूला हायड्रिला. सिरॅटोफायलमला मुळे नसतात, ते तरंगते सोडा. तलावातून आणलेल्या वनस्पती धुऊन आठवडाभर बादलीत ठेवा. त्यांत चतुराच्या अळ्या लपलेल्या असतात आणि त्या लहान मासे खातात. राहिलेले पाणी बशीवर धार धरून हळूहळू ओता, म्हणजे वाळू उकरणार नाही. नळाचे पाणी क्लोरिन निघून जाण्यासाठी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवलेले असावे.

प्रकाश, वायू आणि उन्हाळा

उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे मोजायचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. तोच इथे रोज घडतो. एलईडी दिव्याचा आठ तास प्रकाश पुरे. दिव्याची तार आणि बटण पाण्यापासून दूर ठेवा व टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा बंद करा. खिडकीचे थेट ऊन नको, नाहीतर शेवाळ माजते. शिवाय पाणी तापते. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आपल्याकडच्या मे महिन्यात माशांचा जीव कासावीस होतो, तो उष्म्याइतकाच या टंचाईने. त्यावर उपाय म्हणजे सावलीची जागा आणि वरचे झाकण थोडे उघडे ठेवणे. बाष्पीभवनाने पाणी थोडे निवते.

मासे सर्वांत शेवटी

टाकी भरली, की त्याच दिवशी मासे आणण्याचा मोह होतो, आणि अनेक टाक्यांतले मासे यामुळेच मरतात. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच निरुपद्रवी असून वनस्पतींचे खत आहे. हे जीवाणू वाळूच्या कणांवर आणि पानांवर वस्ती करतात. ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वनस्पतींना नवी पाने फुटू द्या. नंतर पाच-सहा झेब्रा मासे थोडे-थोडे करून आणा. गोल्डफिश या टाकीसाठी मोठे होतात, घाण फार करतात आणि कोवळी पानेही खातात. दर आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदला. काढलेले पाणी कुंड्यांना घाला.

मोठ्या तलावात तेच

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांतले बरेचसे कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी’, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पुढे अनेक तलावांत बेशरम माजली, तळच्या वनस्पती नाहीशा झाल्या आणि त्यांच्यात अंडी घालणारे स्थानिक मासेही कमी झाले. तिवईचा एक पाय निघाला होता. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजाच्या मासेमार संस्थांनी यावर जो उपाय केला, तो आपल्या टाकीतलाच आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की बेशरम उपटायची, तळ नांगरायचा आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती पुन्हा रोवायच्या. आधी वनस्पती, मग मासे. म्हणूनच बाजारातून आणलेली वनस्पती किंवा मासा कधीही तलावात सोडू नका. परकी जात तिथे माजली, तर पुन्हा काढणे फार कठीण असते.

करून पाहा

प्रयोगशाळेतील सामू दाखवणारा कागद घ्या. टाकीच्या पाण्याचा सामू सकाळी दिवा लावण्यापूर्वी आणि सायंकाळी दिवा बंद करताना, असा आठ दिवस नोंदवा. कोणत्या वेळी तो जास्त येतो? रात्री वनस्पतीही श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल होते, एवढे लक्षात घेऊन कारण शोधा. मग शिक्षकांबरोबर जाऊन वनस्पती असलेला एक तलाव आणि उघड्या तळाचा एक तलाव यांच्या पाण्याची सकाळ-सायंकाळ अशीच तपासणी करा. दोन्हींत फरक पडतो का, ते वहीत लिहून वर्गात मांडा.