मलय वाचनाचे आनंददायी अध्यापन आणि शिक्षकांची सज्जता

प्रस्तावना :
मलेशियात २०११ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात 'दिदिक हिबुर' या संकल्पनेस स्थान मिळाले. गाणी, खेळ, कोडी व नाट्य यांद्वारे शिकविणे असा तिचा आशय आहे. मलय वाचनासाठी ही पद्धती वापरण्यास शिक्षक कितपत सज्ज असावा लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचनातील अडचणी :
रोमन लिपीतील मलय लेखन बहुतांशी उच्चारानुसारी आहे. 'बु' व 'कु' जोडले की 'बुकु' म्हणजे पुस्तक हा शब्द तयार होतो. तथापि काही ठरावीक ठिकाणी मूल अडखळते. 'परांग' (युद्ध) व 'पेरांग' (तपकिरी) हे शब्द एकसारखेच लिहिले जातात. 'बाचा' (वाचणे) या धातूपासून 'मम्बाचा', 'बाचाआन' अशी लांब रूपे होतात. चिनी व तमिळ माध्यमाच्या शाळांतील अनेक मुलांना तर शब्द उच्चारता आला तरी अर्थ लागत नाही.

सज्जतेचे स्वरूप :
केवळ उत्साह म्हणजे सज्जता नव्हे. गीत तालावर म्हणणारे मूल वाचतेच असे नाही. पाठांतरामुळे त्याची उणीव झाकली जाते व ते मागे पडते. म्हणून अडचण ओळखणे, तिला अनुरूप खेळ निवडणे आणि शेवटी प्रत्येक मुलाकडून अपरिचित शब्द वाचून घेणे, ही तिन्ही कौशल्ये शिक्षकाकडे हवीत.

समारोप :
सारांश, आनंद हे वाचनाचे साधन आहे. प्रशिक्षणात खेळांच्या यादीपेक्षा भाषेच्या ध्वनिव्यवस्थेच्या ज्ञानास अग्रक्रम मिळणे आवश्यक आहे.