‘टर्बो गेला’ हा निकाल देण्याआधी

रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली आलेली अबार्थ पुंटो आणि त्याआधी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडली गेलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, या दोन्ही गाड्या मराठी मातीतच तयार झाल्या. एकीची ताकद १४५ अश्वशक्ती, दुसरीची १५०. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. गोंदियासारख्या जिल्ह्यात अशी गाडी हौसेनं बाळगायची, तर जाणकार गॅरेजसाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. तिथवर जाण्याआधीच कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं : “पिकअप नाही ना? टर्बो गेला.” मग हजारो रुपयांचा नवा टर्बो बसतो आणि गाडी पहिल्यासारखीच मंद राहते.

मालकाचं असं नुकसान टाळता येतं, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. जुन्या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब, कमी मिळतो किंवा उशिरा मिळतो, तेव्हा टर्बो हा संशयितांच्या यादीत शेवटचा असावा.

गैरसमज : टर्बो उशिरा लागतो म्हणजे बिघाड आहेच

टर्बो चालतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर. हा वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच शाफ्टवरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना वायूच पुरेसा नसतो, त्यामुळे दाबही तयार होत नाही. पाय दाबल्यावर क्षणभर थांबावं लागतं तेही स्वाभाविक आहे. यातलं काहीच दुखणं नव्हे.

मग दुखणं ओळखायचं कसं? कंपनीनं दिलेल्या आकड्यावरून. ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो इंजिन २१० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर १७५० फेऱ्यांपासून देतं, अबार्थ पुंटो २१२ न्यूटन-मीटर २००० फेऱ्यांपासून. स्विफ्ट डिझेलच्या १९० न्यूटन-मीटरचाही आकडा २००० फेऱ्यांचाच आहे. गाडी जर ३००० पर्यंत झोपलेली राहून मग अचानक धावत सुटत असेल, तर बिघाड नक्की आहे. २००० च्या आत ती ओढत नाही एवढीच तक्रार असेल, तर खालचा गिअर टाका.

गैरसमज : स्कॅनरनं ‘पी ०२९९’ दाखवलं, म्हणजे टर्बो खराब

हा कोड एवढंच सांगतो की इंजिनाच्या संगणकाला जेवढा दाब हवा होता तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. फुटका होज, ढिला क्लॅम्प, चिकटलेला वेस्टगेट (जादा वायू टर्बोला टाळून सोडणारी झडप), तुंबलेला सायलेन्सर, दाब मोजणारा बिघडलेला सेन्सर, या सगळ्यांचा कोड तोच येऊ शकतो.

स्कॅनरचा खरा उपयोग पुढे आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, वेगमर्यादा सांभाळून तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पूर्ण पाय द्यायचा आणि ‘मागितलेला दाब’ व ‘मिळालेला दाब’ हे दोन आकडे नोंदवून घ्यायचे. स्कॅनर दुसऱ्यानं सांभाळावा, चालवणाऱ्यानं नव्हे. मिळालेला दाब उशिरा चढतो पण शेवटी मागणीला गाठतो, तेव्हा बहुधा छोटी गळती असते किंवा वेस्टगेट नीट मिटत नसतो. दाब शेवटपर्यंत गाठतच नसेल तर गळती मोठी किंवा अडथळा मोठा.

इथे आणखी एक घोटाळा होतो. बहुतेक स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाब धरूनच आकडा दाखवतात. इंजिन बंद असतानाही गोंदियात हजार मिलिबारपेक्षा थोडा कमी आकडा दिसतो. म्हणून १५०० दिसले तर बूस्ट दीड बार नाही, अर्ध्या बारच्या आसपास आहे. इंजिन बंद असतानाचा आकडाच विचित्र असेल, तर आधी सेन्सरकडे बघा.

गैरसमज : होज वरून ठणठणीत दिसतो, म्हणजे गळती नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. जुना रबरी होज थंड असताना आणि दाब नसताना शाबूत दिसतो. चीर असते खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला, आणि ती उघडते फक्त दाब आल्यावर. बॉनेट उघडून डोळ्यांनी तपासल्यावर “सगळं ओके” हा शेरा मिळतो तो यामुळेच.

खरी तपासणी अशी. एअर फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर बाजूला काढून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड घट्ट टोपीनं बंद करतात. टोपीला टायरचा वॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरमधून अर्धा ते पाऊण बार इतकीच हवा सोडतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट कधीही लावू नये, तेवढ्या दाबानं इंजिनाची सीलं निघतात. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं : टर्बोची नळी, इंटरकूलरची दोन्ही टोकं, थ्रॉटल बॉडी, बारीक व्हॅक्यूम नळ्या. पंक्चर काढताना दिसतात तसे बुडबुडे जिथे येतील, तिथे गळती. इंजिनाच्या ब्रीदरची नळी बंद केलेली असावी, नाहीतर हवा तिकडूनच जाते आणि शोध चुकतो. ऑक्टाव्हियाच्या त्या १.८ इंजिनात डायव्हर्टर वॉल्व्हचा (पाय काढल्यावर जादा दाब वळवणाऱ्या झडपेचा) आतला पडदा फाटणं हे नेहमीचं दुखणं. तो टर्बोच्या मानानं अगदी स्वस्तात बदलतो.

आपल्या जिल्ह्यात एक वेगळा संशयितही आहे. राईस मिल, धानाची गोदामं आणि घराशेजारी उभी गाडी असली की उंदीर आलेच. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करणं आणि बारीक नळ्या कुरतडणं ही त्यांची ठरलेली कामं. धानाच्या चुरणीच्या दिवसांत हवेत तूस आणि धूळ इतकी असते की फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच भरतो. आमगाव, देवरी, गोरेगावकडे रोज जाणाऱ्यांनी कापणीच्या हंगामानंतर तो काढून पाहावाच.

गैरसमज : अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटला की बूस्ट कमीच होतो

अ‍ॅक्च्युएटर म्हणजे वेस्टगेट किंवा टर्बोची पाती हलवणारा भाग. त्याचा पडदा फाटल्यावर काय होईल हे गाडीवर अवलंबून आहे, आणि मेकॅनिकला विचारायलाच हवं. जुन्या पेट्रोल टर्बोत बहुधा दाबानं वेस्टगेट उघडतो. तिथे पडदा फाटला तर वेस्टगेट उघडतच नाही, दाब प्रमाणाबाहेर जातो आणि संगणक इंजिनाची ताकद एकदम कापतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी मंद झाली. पाती हलणाऱ्या डिझेल टर्बोंत बहुतेक वेळा व्हॅक्यूम काम करतो. तिथे व्हॅक्यूमची नळी फुटली की बूस्ट घटतो. लक्षण सारखंच दिसतं, पण कारण उलटं. हातपंपानं दाब किंवा व्हॅक्यूम देऊन अ‍ॅक्च्युएटरचा रॉड हलतो का आणि टिकतो का, हे पाहिलं की उत्तर मिळतं.

गैरसमज : पाइपात तेल दिसलं, टर्बो संपला

इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाचा अंश हवेच्या वाटेत येतोच. आतून पातळ थर असणं स्वाभाविक आहे. तेल साचलेलं असेल आणि सोबत निळा धूर असेल, तर मात्र सील तपासावं. शाफ्ट हातानं बाजूला किंचित हलतो म्हणूनही घाबरू नका. तो तेलाच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे तेवढी जागा त्याला लागते. मात्र तो लांबीच्या दिशेनं, पुढे-मागे, हाताला जाणवेल इतका हलत असेल किंवा पात्यांवर घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखर गेला. अशा वेळी तेलाची नळीही बदलून घ्या. आत जळून कडक झालेलं तेल राहिलं तर नवा टर्बोही तेलाविना मरतो.

मे महिन्यातली तक्रार जरा सबुरीनं घ्यावी. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते, आणि तापलेला इंटरकूलर तिला नीट थंड करू शकत नाही. डिसेंबरची गाडी मे महिन्यात मिळणार नाही.

बूस्ट कमी आहे म्हणून कंट्रोलर लावून तो वाढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर साफ नकार द्या. गळती तशीच राहते आणि ती भरून काढायला टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो.

नवा टर्बो घ्यायला होकार देण्याआधी गॅरेजकडून दोन गोष्टी मागा : दाबाच्या दोन आकड्यांची नोंद आणि गळती-तपासणीचा निकाल, दोन्ही लेखी. ते द्यायला तयार नसतील, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.