काम नेलं कुणी?

१९ जून १९८२ च्या रात्री डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यात बेसबॉलच्या बॅटचे घाव घातले गेले. चार दिवसांनी तो गेला. लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाला यायची माणसं अंत्यविधीला आली. मारणारे दोघं. एक क्रायस्लरचा सुपरवायझर, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, मोटार कारखान्यातून कमी केलेला. ‘तुमच्यामुळे आमचं काम गेलं’ अशा अर्थाचं बोलणं ऐकल्याची साक्ष एका बाईने दिली. आरोपींनी वंशद्वेष नाकारला. न्यायाधीशांनी त्यांना तीन वर्षांचं प्रोबेशन आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड एवढ्यावर सोडलं.

हा राग होता जपानी गाड्यांवरचा. चिन जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा, अमेरिकेत वाढलेला, पेशाने ड्राफ्ट्समन. पण शहरात तेव्हा भर चौकात जपानी गाडी घणाने फोडली जायची, आणि मोटार कामगारांच्या युनियनच्या मुख्यालयात, ज्याचं नावच सॉलिडॅरिटी हाउस, तिथल्या पार्किंगमध्ये परदेशी गाड्यांनी टोकियोत जाऊन उभं राहावं अशा आशयाची पाटी होती. त्याच काळात क्रायस्लर जपानमध्ये मित्सुबिशीने बनवलेली गाडी ‘डॉज कोल्ट’ या नावाने विकत होती, तीही १९७१ पासून. गाडी बाहेरून बनवून आणायचं ठरलं ते कंपनीच्या बैठकीत. बैठक कामगाराला दिसत नाही, रस्त्यावरचा चेहरा दिसतो. वंशद्वेषाची खरी उपयुक्तता मला इथेच दिसते: निर्णय घेणाऱ्याकडे बोट जाण्याआधीच ते दुसरीकडे वळवलेलं असतं.

काम हलवण्याशी वंशाचा मुळातून संबंध असता, तर आरसीए या रेडिओ-टीव्ही कंपनीची वाटचाल समजलीच नसती. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये १९३६ साली संप झाला, युनियन पक्की झाली, आणि काही वर्षांतच कंपनीने रेडिओचं काम इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला नेलं. तिथले कामगार गोरेच होते, इंग्रजीच बोलणारे होते. फक्त स्वस्त होते आणि संघटित नव्हते. तेही संघटित झाले. मग साठच्या दशकात मेम्फिस, आणि त्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतलं सिउदाद ह्वारेस. सीमा ओलांडण्याआधी हाच प्रवास देशातल्या देशात होऊन गेला होता. ह्वारेसच्या बाईने ब्लूमिंग्टनच्या बाईची नोकरी हिसकावली असं म्हणायचं, तर ब्लूमिंग्टनने कॅम्डेनची हिसकावली हेही म्हणावं लागेल, आणि ते कुणी म्हणत नाही.

यावर आक्षेप येतो तो वजनदार आहे. मेक्सिकोतला कमी पगार खरा, त्यापायी बंद पडलेली गावं खरी. ज्याच्या घरची चूल विझली त्याला एकजुटीची भाषा सांगून काय उपयोग? उपयोग आहे, कारण स्पर्धा खरी असेल तर तिकडचा पगार वाढणं हा इकडच्या कामगाराचा रोकडा स्वार्थ ठरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतले जनरल मोटर्सचे अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप चाळीस दिवस चालला. त्या दिवसांत मेक्सिकोतल्या सिलाओच्या कारखान्यात काही कामगारांनी जादा काम करायला नकार दिला. आपण तास वाढवले तर संप मोडायला मदत होईल, एवढं सरळ गणित त्यांनी मांडलं. त्यातल्या काहींना नोकरी गमवावी लागली. पण हालचाल थांबली नाही. २०२१ मध्ये कामगारांनी कंपनीला सोयीच्या जुन्या युनियनचा करार मतदानाने फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सिन्तिया ही स्वतंत्र युनियन तीन चतुर्थांशांहून जास्त मतं घेऊन निवडून आणली, आणि मे महिन्यात साडेआठ टक्के पगारवाढ मिळवली. आयात कराची भिंत उभारा म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावं, कारण या मतदानात जुन्या युनियनची दांडगाई रोखायला कामी आली ती अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या व्यापार करारातली कामगार हक्कांची कलमं. सिलाओत बनते तीच पिकअप इंडियानातल्या फोर्ट वेनमध्येही बनते. पगारातली दरी अजून मोठी आहे, पण ती बुजवायला सुरुवात केली ती नोकऱ्या चोरल्याचा आरोप ज्यांच्यावर होत आला त्यांनीच.