पिंपाची चव आणि बोंडूची चव

व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली बिअर म्हटली की नवल वाटते. स्कॉटलंडमध्ये त्याची सुरुवात मात्र उलट्या बाजूने झाली. व्हिस्कीला एल या बिअरचा स्वाद यावा म्हणून ओकच्या पिंपांत आधी एल भरून ठेवली गेली. काम झाल्यावर ती फेकूनच द्यायची होती. पण कामगारांनी चाखली, तर लाकडाने तिला गोडवा दिलेला! त्यातूनच 2003 साली ‘इनिस अँड गन’ ही बिअर जन्मली.

आपला चोर्ला घाट उतरून डिचोलीत किंवा पुढे पेडण्यात गेलो की मला दुसराच न्याय दिसतो. आपल्या कन्नड घरांत जिला गोडंबी म्हणतात, त्या काजूचे बोंडू मार्च ते मे या काळात पिकून गळतात. ते तुडवून काढलेला रस बाहेरचे यीस्ट न घालताच आंबतो. भट्टीवर पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी वर्षानुवर्षे टिकते. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हुर्राक मात्र सौम्य, मोसमापुरताच. मी चाखला तेव्हा त्यात लाकूड नव्हते, व्हॅनिला नव्हता. होता तो पिकल्या बोंडूचा दरवळ.

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे माप इथे लागू पडत नाही. म्हणून पुढच्या मोसमात भट्टीवर गेलात तर फार घासाघीस करू नका. भाव वाढेपर्यंत हुर्राक राखून ठेवायची सोय त्या भट्टीवाल्याकडे नसते.