कांगडा खोऱ्यातील खंडित लोहमार्ग

पंजाबमधील पठाणकोट आणि हिमाचल प्रदेशातील जोगिंदरनगर यांना जोडणारा १६४ किलोमीटरांचा कांगडा लोहमार्ग नॅरोगेज आहे, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर आहे. बियास नदीला मिळणारे असंख्य ओढे धौलाधार पर्वतावरून ज्या कांगडा खोऱ्यात उतरतात, त्याच खोऱ्यातून हा मार्ग पूर्वेकडे चढत जातो. कालका–शिमला मार्गाला डोंगर फोडून शंभराहून अधिक बोगदे काढावे लागले, तर कांगडा मार्गावर बोगदे फक्त दोनच आहेत, कारण त्याच्या आखणीकारांनी डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालणे पसंत केले. मात्र पर्वतातून येणारा प्रत्येक प्रवाह ओलांडणे त्यामुळे अपरिहार्य झाले, आणि या मार्गाचे भवितव्य शेकडो लहानमोठ्या पुलांशी बांधले गेले.

मार्गाचे बांधकाम १९२६ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये त्यावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यामागील मुख्य प्रेरणा प्रवासी नव्हे, तर वीज होती. ऊहल नदीचे पाणी बरोट येथे अडवून, बोगद्यातून व नळांतून जोगिंदरनगरजवळील शानन वीजगृहात सोडण्याच्या योजनेसाठी अवजड यंत्रे डोंगरात पोहोचवणे आवश्यक होते, आणि त्या काळच्या रस्त्यांवरून ती नेणे अवघड होते. वीजगृह १९३३ मध्ये कार्यान्वित झाल्यावर हा मूळ हेतू साध्य झाला. त्यानंतर विद्यार्थी, नोकरदार, बाजाराला निघालेले शेतकरी आणि ज्वालामुखी व कांगडा येथील देवीस्थानांचे भाविक हेच या गाडीचे खरे आश्रयदाते ठरले.

हा मार्ग वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी तुटला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, नगरोटा ते जोगिंदरनगर हा वरचा भाग बंद करून त्याचे रूळ युद्धकार्यासाठी उखडण्यात आले, आणि तो १९५४ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यानंतर बियासवरील पोंग धरणाच्या जलाशयाने मधला भाग गिळला. जवांवाला शहर ते गुलेर दरम्यानची वाहतूक १९७३ मध्ये थांबली आणि उंचावरून नवी आखणी करून १९७६ मध्ये ती पूर्ववत झाली. या दोन्ही वेळी हानी मनुष्याच्या निर्णयाने झाली असली, तरी मार्ग पुन्हा जोडण्याचा निर्णयही मनुष्यानेच घेतला, ही नोंद महत्त्वाची आहे.

२० ऑगस्ट २०२२ रोजी पुराने पठाणकोटजवळील चक्की नदीवरील रेल्वेपूल कोसळला. पुलावर गाडी नसल्याने जीवितहानी टळली, परंतु हा पूल मार्गाच्या पायथ्याशीच असल्यामुळे परिणाम दूरवर पोहोचला. लांबीच्या हिशेबाने पाहता तुटलेला भाग अगदी लहान होता. तथापि ब्रॉडगेजची, म्हणजे देशभरच्या रुंद मापाची, गाडी पकडण्याचे ठिकाण पठाणकोट हेच होते, आणि नॅरोगेज इंजिनांच्या देखभालीची सोयही तेथेच होती. अरुंद मापामुळे दुसऱ्या एखाद्या मार्गावरील इंजिन किंवा डबे थेट रुळांवरून आणता येत नाहीत, म्हणून नदीपलीकडे राहिलेल्या गाड्यांवरच नूरपूर रोडच्या पुढील मर्यादित फेऱ्या चालवणे भाग पडले. पठाणकोटहून सुटणारी थेट गाडी गमावलेल्या गावांना मग अधिक भाडे मोजून बसने जाण्यावाचून पर्याय उरला नाही, आणि हा भार सर्वाधिक त्यांच्यावर पडला ज्यांना तो सर्वांत कमी झेपणारा होता.